उरूस दारात आला, पण वाड्यात मावतो का?

म्हापशेकर:
चवथीच्या आधीचा शुक्रवार, म्हापशाचा बाजार. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचं) सामान घेऊन पार्किंगपाशी आलो, तर माझ्या गाडीला खेटून पिवळीधमक लॅम्बोर्गिनी उरूस. (आपल्याकडे उरूस म्हटलं की दर्ग्याची जत्रा, तिकडे ते रानबैलाचं नाव आहे.) डिकीत जुनी चादर अंथरलेली, तीवर नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजनाची फळं. मागच्या सीटवर साठीच्या बाई बसलेल्या, आणि मुलाला सांगताहेत, "केळ्यांचा घड उभा ठेव रे, आडवा टाकू नकोस." मी तिथंच पाघळलो.

माझं म्हणणं एवढंच की गोव्यात सुपरकार घ्यायचीच तर असली घ्यावी. दोन सीटच्या गाडीत बायको बसली की पोरं घरी, पोर बसवलं की बायको घरी. इथं पाच माणसं बसतात, डिकी ६१६ लिटरची. आणि तरी २०१८ साली भारतात आली तेव्हापासूनच ६५० पीएस (अश्वशक्ती), शून्यावरून शंभरला ३.६ सेकंद. एअर सस्पेन्शनवर पोट २४८ मिमीपर्यंत वर उचलता येतं. आमच्या वाड्यावर (गावातल्या वस्तीत) देवळापाशी एक आणि शाळेपाशी दोन गतिरोधक आहेत. लॅम्बोर्गिनीचीच दोन सीटची हुराकान पहिल्यावरच घासेल.

व्ही१२_वेडा:
उचला हो पोट, पण तिला सुपरकार म्हणू नका. खालचा एमएलबी इव्हो प्लॅटफॉर्म, म्हणजे सांगाडा, ऑडी क्यू८, पोर्शे कायेन आणि बेंटली बेंटायगालाही आहे. सुपरकारमध्ये शिरताना गुडघे कानाला लागले पाहिजेत. गैरसोय हा तिचा दोष नाही, तो तिचा मानपान आहे. सोवळं नेसून पळता येतं म्हणून त्याला कोणी ट्रॅकसूट म्हणत नाही.

फोंड्याचा_बाबू:
मानपान कुणी ठरवला? लॅम्बोर्गिनीची एस्पादा १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षं निघत होती. पुढे व्ही१२ (बारा सिलिंडरचं इंजिन), आत चार सीटा. १९८६ ची एलएम००२ तर चक्क जीपगाडी, तिलाही व्ही१२. घरच्यांना घेऊन जाणं हा कालचा चाळा नाही. आणि पैशाचं गणित बघा: २०२३ मध्ये कंपनीने १०,११२ गाड्या दिल्या, त्यातल्या ६,०८७ उरूस. ती खपते म्हणून तुमच्या आवडीची व्ही१२वाली रेव्हुएल्तो निघते.

व्ही१२_वेडा:
खानावळीच्या गल्ल्यावर नाटक कंपनी चालली, तरी खानावळीला कोणी रंगमंच म्हणत नाही, बाबू.
घरच्यांसाठीच पाहिजे तर फेरारीची पुरोसांग्वे बघा. साडेसहा लिटरचं व्ही१२, टर्बो नाही, ७२५ पीएस. मागची दारं उलटी, पाठीमागच्या बिजागरीवर उघडतात. म्हाताऱ्या माणसाला चढायला किंवा गणपती मांडीवर घेऊन बसायला याहून बरं दार नाही. ही मात्र मी सुपरकार मानतो.

फोंड्याचा_बाबू:
मानाच. मागे दोनच स्वतंत्र सीटा आहेत, म्हणजे गणपती, तो धरणारा आणि आणखी एक. बाकीचे रिक्षाने. आणि कंपनीच्याच आकड्यांत शंभर किलोमीटरला १७.३ लिटर पेट्रोल.

बार्देसची_सून:
तुम्हा पुरुषांचं पीएस-बीएस चालू द्या. रुंदी कोणी मोजली का? उरूस आरसे सोडून २०१६ मिमी. आमची वॅगनआर १६२०. आमच्या मोयऱ्याच्या आतल्या रस्त्यांना दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, श्रावणात त्यांवर हिरवं शेवाळ, आणि वळणावर समोरून बस. वॅगनआर असली की मी डावा आरसा मिटते, गडग्याला अगदी चिकटते आणि बस जाते. साडेचार कोटींच्या गाडीत असं चिकटून दाखवा बरं. तुम्ही पाव किलोमीटर रिव्हर्स घेणार, मागे भाड्याच्या गाडीतला पर्यटक हॉर्न वाजवणार, आणि सगळा वाडा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) येणार बघायला.

पण एक खरं सांगते. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना खुर्चीच्या उंचीची सीट लागते. खाली बसायच्या गाडीतून त्यांना काढायला दोन माणसं लागतात. म्हणून उंच गाडीला मी नावं ठेवणार नाही. रुंद गाडीला ठेवते.

डिचोलीकर:
विकत घेणं सोपं, सांभाळणं अवघड. माझ्या मित्राने सेकंडहँड परदेशी एसयूव्ही घेतली (नाव सांगत नाही). ऐन पावसात सस्पेन्शन बसलं, गाडी एका बाजूला कलली, लंगड्या म्हशीसारखी. सर्व्हिसवाले आज-उद्या करत राहिले, शेवटी ट्रकवर चढवून मुंबईला पाठवली. महिनाभर तो स्कूटरवर. लॅम्बोर्गिनीची शोरूम मुंबई, दिल्ली, बंगळुरूला. मागचा टायर ३१५ मिमी रुंद. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला दाखवला तर म्हणेल, "पात्रांव, हो आमच्या यंत्राक बसना."

म्हापशेकर:
रुंदीचं पटलं. मुख्य रस्त्यावर ठेवून घरापर्यंत चालत जाणं ही काही सुपरकारची शोभा नाही.
पण उरूसची नवी एसई प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही. एकूण ८०० पीएस, आणि नुसत्या बॅटरीवर साठेक किलोमीटर. म्हापसा-पणजी जाऊन यायचं तर पेट्रोलचा थेंब लागत नाही, आणि पहाटे काकडआरतीला निघालं तर शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. २०२४ मध्ये आली तेव्हा भाव शोरूमलाच ४.५७ कोटी होता, हे सोडून द्या.

डिचोलीकर:
कसं सोडून द्यायचं? आणि त्या बॅटरीने मागची जागा खाल्ली, डिकी आधीपेक्षा लहान झाली. वजन अडीच टन. म्हणजे जास्त पैसे देऊन माटोळीचं सामान दोन खेपांत आणा.

फोंड्याचा_बाबू:
दुसऱ्या खेपेला शून्यावरून शंभरला ३.४ सेकंद लागतील, बिघडलं काय?

बार्देसची_सून:
म्हापशेकर, त्या घडाचं पुढे काय झालं? नुकत्या कापलेल्या केळ्याच्या दांड्यातून चीक गळतो, आणि तो कापडावर पडला की काळा डाग जन्मभर राहतो. चादर जाड होती ना?

म्हापशेकर:
चादर जाड होती. पण मुलगा डिकी लावत असताना बाईंनी हात पुसले, आणि ते फडकं शेजारच्या पांढऱ्या चामड्याच्या सीटवर घडी करून ठेवलं. तो वळला, फडक्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि काही न बोलता एसी सुरू केला.