मदत हवी आहे : भूकरमापकाविना (जमीन मोजणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याविना) पायवाट मोकळी करता येईल का?

गाव नकाशात तुटक एकेरी रेषेने दाखवलेली आणि आमच्या वाडीतले शेतकरी शेतावर जाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरत असलेली पायवाट शेजारच्या खातेदाराने नांगरून, बाभळीच्या काट्या टाकून बंद केली आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली (वाटेतला अडथळा काढून मिळण्यासाठी) सहा महिन्यांच्या मुदतीत तहसीलदारांकडे दावा केला. परंतु हद्द दाखवायला भूकरमापक हवा आणि तालुक्यात ती पदे रिक्त असल्याने मोजणीची तारीखच मिळत नाही. जमीन महसूल संहितेचे कलम 143 बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाही, असे माझे मत आहे. नकाशाची प्रमाणित नक्कल आणि मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा एवढ्यावर तहसीलदारांनी अडथळा काढण्याचा आदेश दिल्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर कळवावे. पावसाळ्यात दुसरी वाट ओढ्यातून जाते.