'स्पंज सिटी'ला मराठीत काय म्हणावं? (जिरणे, मुरणे, पाझरणे, झिरपणे)

पागोळी:
पावसाळी पाण्याच्या एका आराखड्याचं मराठी करतेय. त्यात 'स्पंज सिटी', म्हणजे पावसाचं पाणी स्पंजासारखं शोषून धरणारं शहर, पानोपानी येतं. कल्पना चीनमधली. लँडस्केप आर्किटेक्ट यू कोंगजियान यांनी ती लावून धरली आणि २०१५ साली तिथल्या सरकारने १६ शहरांत प्रायोगिक कामं सुरू केली. 'जलशोषक शहर' लिहून पाहिलं, पण ते फार कोरडं वाटतं. 'पाणी मुरवणारं' चालेल का?

शब्दपारखी:
'जिरवणारं' घ्या, ताई. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' गावोगावी भिंतींवर वाचलेलं आहे, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मुरण्यात काळ जातो, लोणचं मुरतं तसा. शिवाय 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हटलं की संशय आला, आराखड्यात तो नको. झिरपणं म्हणजे मधल्या थरातून हळूहळू आरपार जाणं. म्हणून सच्छिद्र फरसबंदीला 'पाणी झिरपू देणारी फरसबंदी' म्हणा. पाझरणं त्याच्या पुढचं, पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. माठ पाझरतो. पाझर तलावाचं पाणीही खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं, तेव्हाच त्या नावाला अर्थ येतो.

सिव्हिलवाला:
शब्द पटला, पण सगळीकडे 'जिरवणे' लावू नका, कळकळीने सांगतो. दादरजवळचं हिंदमाता घ्या. भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. म्हणून प्रमोद महाजन उद्यान आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. साचलेलं पाणी पंपाने तिथे न्यायचं आणि पाऊस-भरती ओसरली की सोडायचं. यात थेंबही जिरत नाही, पाणी फक्त थोपवून धरलं जातं. पुढची सर यायच्या आत टाकी रिकामी हवी, त्यामुळे पर्जन्यमापकांचे आकडे आणि भरती-ओहोटीच्या वेळा हाताशी लागतात. तंत्रज्ञान खरं उपयोगी पडतं ते इथे. अशा कामाला 'जिरवणे' लिहिलंत तर लोकांना वाटेल भूजल वाढलं, आणि वरचं काँक्रीट उखडायची मागणी कुणी करणारच नाही.

शब्दपारखी:
मान्य. मग टाकीला 'साठवण टाकी' आणि क्रिया 'थोपवणे'. 'निचरा' फक्त वाहून जाण्यासाठी.

पागोळी:
अगदी हेच हवं होतं. नाव 'पाणी जिरवणारं शहर' ठेवते, 'स्पंज सिटी' पहिल्यांदा एकदाच. बोअरवेलमध्ये गच्चीचं पाणी सोडतात त्याला 'शोषखड्डा' म्हणू का?

सिव्हिलवाला:
नको. शोषखड्डा सांडपाण्याचा. 'विंधन विहीर पुनर्भरण' हाच रुळलेला शब्द आहे. आणि आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी जिरतं ते मुख्यतः वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे जागा बघूनच पुनर्भरणाचा खड्डा घ्यावा, अशी एक ओळ तिथे जरूर घाला.