लॉगने डिस्क भरली तर चूक कोणाची? मी तर सरळ तोंड बंद केलं

काळीखिडकी: परवा रात्रभर चालूच राहिलेला लिनक्सवाला लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होऊन परत पासवर्डच मागायचा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) गेलो तर डिस्क १०० टक्के भरलेली, होम फोल्डरमधली डॉट-एक्ससेशन-एरर्स ही एकच लॉग फाईल (अॅप्सच्या मेसेजची नोंदवही) ६१ जीबी! एका फोटो व्ह्यूअरने एकच वॉर्निंग रात्रभर छापली होती. फाईल उडवली तरी जागा मोकळी होईना, कारण प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवलेली. आता त्या अॅपचं आउटपुट थेट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे येईल ते गिळून टाकणाऱ्या फाईलमध्ये सोडलंय. माझं मत स्पष्ट आहे, लोकांना दिलेल्या व्हर्जनमध्ये डिबग मेसेज (चुका शोधायला डेव्हलपरला लागणारे) बंदच हवेत.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. धूर येतोय म्हणून खिडकी लावून घेण्यातला प्रकार आहे हा. माझ्या पीसीवर सिसलॉग (सगळ्या सिस्टिमचा लॉग) असाच फुगायचा, वैतागून वाचला तर एटीएचे, म्हणजे डिस्कच्या जोडणीचे एरर, डिस्कची सॅटा केबल ढिली होती. तोंड बंद केलं असतं तर डेटा गेला असता.

काळीखिडकी: अहो पण ते कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे मेसेज, ते मी कुठे बंद केलेत? एक्ससेशनमध्ये फक्त डेस्कटॉपच्या अॅप्सची बडबड येते. तीच ओळ लाखो वेळा वाचून कोणाला काय नवीन कळणार?

मोजूनमापून: दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय असं वाटतं. सिस्टिमचे लॉग जमा करणाऱ्या जर्नलडी या प्रोग्रॅमला मर्यादा आधीपासून असते, फाईलसिस्टिमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी, शिवाय एकाच सर्व्हिसचे ३० सेकंदांत ठरलेल्या मर्यादेच्या (मूळ आकडा १०,०००, डिस्कवर मोकळी जागा असेल तर जास्त) वर मेसेज आले की तो पुढचे सोडून देतो. एक्ससेशनच्या फाईलला सेशन चालू असताना असं काहीच नाही, खरी चूक तिथे आहे. अॅप सिस्टिमडी-कॅट या कमांडमधून चालवा, मेसेज जर्नलमध्ये जातील, लॉगही राहील आणि डिस्कही. आणि पुढच्या वेळी फाईल डिलीट करू नका, ट्रंकेट कमांडने आतून रिकामी करा, जागा लगेच सुटते.

रात्रपाळी: हे मान्य. मर्यादा घाला, पण लॉग फेकू नका एवढंच म्हणतोय मी.

आईचापीसी: तुम्ही सगळे टर्मिनलवाले आहात म्हणून ठीक आहे हो. माझ्या आईच्या पीसीवर हे झालं असतं तर तिने काय करायचं होतं? तिला फक्त पासवर्ड चुकतोय असंच वाटलं असतं आणि ती दिवसभर तोच टाकत बसली असती. मी काळीखिडकीच्या बाजूने, हे काम डेव्हलपरचंच आहे.

रात्रपाळी: डेव्हलपरला कळणार कसं? तुम्ही आउटपुट फेकून दिलंत, त्याला कोणी सांगितलंच नाही.

काळीखिडकी: हा मुद्दा घेतला. आज रात्री डेव्ह-नल काढून एकदा चालवतो, पहिल्या दोनशे ओळी जोडून बग रिपोर्ट टाकतो. पण तो दुरुस्त होईपर्यंत सिस्टिमडी-कॅट वगैरे नाही, माझ्या मशीनवर ते अॅप गप्पच राहणार.