मदत हवी आहे: घड्याळातले ठोके झ्विफ्टवर दिसत नाहीत

पडवीकर:

नमस्कार मंडळी. मी गुहागरचा, वय ४९. माझी सायकल आठ महिने रस्त्यावर आणि जून ते सप्टेंबर पडवीत असते. एरवी रविवारी धोपाव्याला जायचं, फेरीबोटीने दाभोळला उतरायचं, दापोलीपर्यंतचे चढ चढायचे आणि परत. पावसात हे जमत नाही. भिजायची भीती नाही हो, पण रस्त्याला शेवाळ धरतं आणि उतारावर ब्रेक दाबला की सायकल आपल्याआधी खाली पोचते. गेल्या श्रावणात कोपर सोलवटून घेतलं, तेव्हापासून घरात बंदी आहे.

म्हणून पुण्याच्या मित्राकडून जुना स्मार्ट ट्रेनर घेतला. मागचं चाक काढून सायकल त्यावर बसवायची, समोर लॅपटॉपवर झ्विफ्ट, म्हणजे पडद्यावरच्या आभासी रस्त्यांवर इतरांबरोबर सायकल चालवायचं ॲप. (शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी विचारून गेल्या, "ह्यावर दळणबिळण होतं काय रे?") झ्विफ्टचं वाटोपिया बेट नकाशावर सॉलोमन बेटांत पडतं म्हणे. पडवीतून निघून थेट पॅसिफिकात, आणि तिथेही समुद्र नि माडच!

ट्रेनर लगेच जोडला गेला. वॉट दिसतात, पायांचे फेरे दिसतात. हृदयाचे ठोके मात्र दिसत नाहीत. मनगटावरचं घड्याळ ते नीट दाखवतं, फोनमधल्या त्याच्या ॲपवरही येतात. विंडोज १० च्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ जोडलं, तिथे 'कनेक्टेड' असं लिहूनही आलं. पण झ्विफ्टच्या पेअरिंगच्या पानावर हार्ट रेटचा चौकोन नुसता शोधतोय. सगळं रीस्टार्ट करून झालं. ॲप काढून पुन्हा टाकलं, आमच्या नेटवर ते उतरायला अख्खी रात्र गेली.

मला बीपीची गोळी आहे. डॉक्टरांनी १४० च्या वर रेंगाळू नको म्हणून सांगितलंय. पण पडद्यावर कोणी पुढे निघून गेलं की पाय ऐकत नाहीत, आणि हँडल धरून दर मिनिटाला मनगट वळवून बघणं होत नाही. आकडा समोर दिसायला हवा. घड्याळाच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

कुंभार्ली_दोनदा:

पहिलं काम म्हणजे विंडोजच्या ब्लूटूथ यादीतून घड्याळ काढून टाका. हेडफोन तिथून जोडतात. सेन्सर झ्विफ्टला स्वतः शोधू द्यायचे असतात.

दुसरं असं की ठोके मोजायचा छातीचा पट्टा 'हे घ्या ठोके' असं सतत ओरडत असतो, जो ऐकेल त्याचा. घड्याळ तसं नसतं. ते फक्त आपल्या फोनच्या कानात बोलतं. त्याने चारचौघांत बोलावं म्हणून 'हार्ट रेट ब्रॉडकास्ट' चालू करावं लागतं. गार्मिनमध्ये ते हार्ट रेटच्या सेटिंगमध्ये असतं, बाकीच्यांत वेगळ्या नावाने असेल. ॲपल वॉच असेल तर रस्ता वेगळा, फोन आणि घड्याळ दोन्हींवर झ्विफ्टचं जोडीचं ॲप, झ्विफ्ट कम्पॅनियन, लागतं. काही घड्याळांत ही सोयच नसते, मग शोधण्यात अर्थ नाही.

हापूसवाला:

माका पण ह्योच त्रास झालेलो. दोन रविवार घालवले नि शेवटी छातीचो पट्टो घेतलो. बसा बोंबलत.

बिनगियरची:

पट्ट्याला माझंही मत. घड्याळ मनगटावर हिरवा उजेड टाकून रक्ताचा प्रवाह बघतं. हँडलवर मनगट दुमडलेलं, त्यात घाम, पट्टा जरा सैल असला की ते काहीही दाखवतं. कधीकधी तर ठोक्यांऐवजी पायांची लयच मोजत बसतं. माझं एकदा ९० वर अडकलं होतं आणि मी धापा टाकत होते! छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे जोर लावला की आकडा लगेच हलतो. काकांना आकडा डॉक्टरांसाठी हवाय, म्हणून हे बोलते. फक्त घालताना आतली बाजू ओली करायची असते.

पडवीकर:

आमच्याकडे जुलैत कोरडं काय असतं ते सांगा! कपाटातले कपडेसुद्धा ओले. पट्टा घेईन, पण हातातलं घड्याळ हरलं असं मानायला मन तयार नाही.

कुंभार्ली_दोनदा, तुमचं बरोबर निघालं. तीन मेनू आत ब्रॉडकास्ट सापडलं. यादीतूनही काढून टाकलं. आधी मुलीच्या टॅबवर झ्विफ्ट टाकून बघितलं, तर ठोके झटकन आले! आनंदाने लॅपटॉपकडे गेलो, तिथे पुन्हा शोधतोय, शोधतोय. म्हणजे दोष लॅपटॉपचा ना?

सातबारा:

लॅपटॉप किती लांब आहे? मध्ये चिऱ्याची भिंत आहे का? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पाणी ती लहर खातं. आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिंपंच. घड्याळ डाव्या हातात आणि लॅपटॉप उजवीकडे असेल तर मध्ये तुम्हीच आडवे येताय. नाहीतर एएनटी प्लसचा (ब्लूटूथसारखीच सेन्सरची दुसरी बिनतारी पद्धत) यूएसबी डोंगल घ्या, घड्याळ त्यावर बोलत असेल तर. डोंगल लांब वायरीने सायकलजवळ आणायचा, यूएसबी ३ च्या पोर्टला चिकटवून ठेवायचा नाही, तिथून गडबड होते.

पडवीकर:

लॅपटॉप चार फुटांवर, आईच्या जुन्या शिलाई मशीनवर, अगदी समोर. भिंत नाही. आणि मी इतका जाडही नाही.

कुंभार्ली_दोनदा:

लॅपटॉपला दोष देण्याआधी एक तपासा. फोनवर एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट ॲप मिळतं. ब्रॉडकास्ट चालू ठेवून स्कॅन करा. घड्याळ बोलत असेल तर त्याचं नाव यादीत येईल, आणि उघडलंत तर आत 'हार्ट रेट' ही सेवा दिसेल, क्रमांक १८०डी. बघून झालं की डिसकनेक्ट करायला विसरू नका, नाहीतर तोच फोन घड्याळ धरून बसेल. यादीत नावच आलं नाही तर समजा की कोणीतरी आधीच धरलंय. बरीचशी घड्याळं एका वेळी एकालाच हात देतात.

पडवीकर:

स्कॅन केलं. टीव्ही दिसला, ट्रेनर दिसला, शेजाऱ्यांचा स्पीकरही दिसला. घड्याळ नाही. घरात कोण धरणार त्याला?

बिनगियरची:

काका, मुलीचा टॅब?

पडवीकर:

काय सांगू! टॅब ओटीवर चार्जिंगला लावला होता, त्यावर झ्विफ्ट तसंच उघडं. बंद करताच चौथ्या सेकंदाला लॅपटॉपवर ठोके आले. तीन दिवस मी लॅपटॉपला शिव्या देत होतो आणि चोर ओटीवर होता. सगळ्यांचे आभार. पट्टा मागवलाय, बिनगियरची ताईंच्या म्हणण्यावरून.

लगे हात आणखी एक विचारतो. काल राइड मध्यावर असताना लाइट गेली. राउटर बंद पडला, आजूबाजूचे सगळे सायकलवाले नाहीसे झाले, ट्रेनरही सुटल्यासारखा झाला. वैतागून लॅपटॉप मिटला. ती राइड गेली काय?

सातबारा:

नेट गेलं तरी झ्विफ्ट लॅपटॉपवर नोंद करत राहतं. डॉक्युमेंट्समध्ये झ्विफ्टचं फोल्डर, त्यात ॲक्टिव्हिटीज. तारखेची फिट फाइल, म्हणजे राइडची नोंद, असेल, ती स्ट्राव्हावर (आपल्या राइड इतरांना दाखवायचं ॲप) हाताने चढवता येते. आणि घड्याळातही वेगळी राइड सुरू करत असाल तर एकच चालू ठेवा, नाहीतर स्ट्राव्हावर एका घामाच्या दोन राइड दिसतील.

पडवीकर:

सापडली. १८ मिनिटांची नोंद आहे. ठोके सर्वाधिक १५२, तेही पडद्यावर पुढे गेलेल्या एका जपानी बाईला गाठायच्या नादात. ही फाइल कुठेही चढवणार नाही. आमच्या घरात स्ट्राव्हा सगळ्यांकडे आहे.