संपासाठी तुरुंग हवा का? नव्या औद्योगिक संबंध संहितेतील शिक्षांविषयी

परळकर (धागाकर्ता)

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ठरावीक मुदतीची नोकरी आणि कामगारकपातीच्या परवानगीसाठीची तीनशे कामगारांची मर्यादा यांवर पुष्कळ लिहिले गेले, पण शिक्षांचे कलम फारसे कोणी वाचलेले दिसत नाही. बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद तेथे आहे. बेकायदा टाळेबंदी करणाऱ्या मालकाला दंड ५०,००० ते १ लाख रुपये आणि कैद तेवढीच. येथपर्यंत दोघांना एकच माप लावल्यासारखे वाटते.

आता त्याच कलमातील पुढचा मजकूर पाहा. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने सरकारची परवानगी न घेता कामगारकपात केली किंवा कारखानाच बंद केला, तर पहिल्या वेळी शिक्षा केवळ दंडाची आहे, १ लाख ते १० लाख रुपये. कैदेचा प्रश्न गुन्हा पुन्हा केल्यावरच येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात विनापरवाना कपातीला एक महिन्यापर्यंत आणि विनापरवाना कारखाना बंद करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होती. अनुचित कामगार प्रथांसाठीही (उदा. संघटनेत गेल्याबद्दल कामावरून काढणे) सहा महिन्यांपर्यंत कैद होती, तिच्या जागी आता पहिल्या वेळी फक्त दंड आहे. म्हणजे मालकाच्या बहुतेक पहिल्या गुन्ह्यांवरून तुरुंग उठवला गेला आणि कामगाराच्या पहिल्याच संपावर तो कायम राहिला.

शिवाय कायदेशीर संप करण्याची वाट फार अरुंद झाली आहे. १९४७ च्या कायद्यात आगाऊ नोटिशीचे बंधन सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते, आता ते सर्व उद्योगांना आहे आणि त्याची मुदत चौदा दिवसांची आहे. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही; न्यायाधिकरणापुढे प्रकरण असताना आणि त्यानंतर साठ दिवस करता येत नाही. नोटीस मिळताच समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की संपाची तारीख उजाडण्याआधीच तो बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच.

ही मनोवृत्ती जुनी आहे. १८५९ च्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा देता येत असे. मालकाने शब्द मोडला तर त्याच्यावर मात्र दिवाणी दावा. तो कायदा १९२६ साली गेला आणि त्याच वर्षी ट्रेड युनियन कायदा होऊन नोंदणीकृत संघटनेच्या सभासदांना संपाचा ठराव केल्याबद्दल गुन्हेगारी कटाच्या आरोपापासून संरक्षण मिळाले. ते संरक्षण नव्या संहितेतही आहे. परंतु १९३८ साली खेर मंत्रिमंडळाने मुंबई विधानसभेत औद्योगिक कलहाचे विधेयक आणले तेव्हा समेटाआधीच्या संपाला पुन्हा कैद आलीच. डॉ. आंबेडकरांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला. काम नाकारणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला गुन्हा ठरवून तुरुंग दाखवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्या विधेयकाविरुद्ध संप झाला.

माझे म्हणणे एवढेच की, शांततेने काम थांबवणे हा कोणत्याही परिस्थितीत तुरुंगाचा विषय असू नये. मारहाण, जाळपोळ, डांबून ठेवणे यांसाठी सर्वसाधारण फौजदारी कायदा पुरेसा आहे.

अंबडचा कारखानदार

परळकर, आपण कायद्याचे पुस्तक वाचता. मी नाशिकमध्ये अॅल्युमिनियम कास्टिंगचा छोटा कारखाना चालवतो. बेकायदा संपासाठी महिनाभर तुरुंगात गेलेला कामगार माझ्या तरी पाहण्यात नाही. १९४७ च्या कायद्यात या गुन्ह्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होते आणि खटला भरायचा तर सरकारची तक्रार लागत असे, जी सरकार सहसा करतच नसे. कधीही न वापरलेल्या तरतुदीला गुलामगिरी म्हणणे हे भाषण म्हणून ठीक आहे.

नोटिशीबद्दल मात्र गांभीर्याने बोलू. वितळलेला धातू असलेली भट्टी पाळीच्या मध्यावर सोडून माणसे बाहेर पडली, तर धातू आतच गोठतो, आणि मग तो फोडून काढावा लागतो. अस्तर जाते ते वेगळेच. मोठ्या कंपनीला माल वेळेत पोहोचला नाही तर ती दुसऱ्या पुरवठादाराकडे वळते आणि परत येत नाही. चौदा दिवस आधी कळवा, एवढीच अपेक्षा असताना तिला दडपशाही का म्हणावे, हे मला समजत नाही. आणि ज्या बंधनाच्या भंगाला काहीच शिक्षा नाही, ते बंधन पाळणार कोण?

"सर्वसाधारण फौजदारी कायदा पुरेसा आहे", हे आपले वाक्य तर प्रत्यक्ष अनुभवाच्या अगदी उलट आहे. आमच्या शेजारच्या कारखान्यात व्यवस्थापकाला रात्री उशिरापर्यंत केबिनबाहेर पडू दिले नव्हते. पोलीस आले, फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "हा मालक-कामगारांचा वाद आहे, लेबर ऑफिसला जा." १९६७ साली पश्चिम बंगालमध्ये याच वृत्तीला सरकारी परिपत्रकाचे रूप मिळाले होते: घेराव झाला तर कामगार मंत्र्यांना कळवल्याशिवाय पोलिसांनी हस्तक्षेप करू नये. कलकत्ता उच्च न्यायालयाने जय इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात ती परिपत्रके रद्द केली आणि घेरावात डांबून ठेवण्यासारखे गुन्हे घडत असतील तर युनियनचे संरक्षण लागू होत नाही, हे स्पष्ट केले. कायदा तेव्हापासून स्पष्ट आहे, पण फाटकावरचा हवालदार अजूनही लेबर ऑफिसचाच पत्ता सांगतो.

पहिल्या चुकीला दंड आणि दुसऱ्या चुकीला कैद, हे तत्त्व मला मान्य आहे. कामगारालाही तेच लावा, माझी हरकत नाही.

कोर्टाची पायरी

मी कामगार न्यायालयात वकिली करतो, बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने. परळकरांच्या निष्कर्षाशी सहमत आहे, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याशी नाही, आणि कारखानदारांनी काढलेल्या अर्थाशी तर मुळीच नाही.

औद्योगिक संघर्षातला खरा तुरुंग कामगार कायद्यात कधीच नव्हता. तो सर्वसाधारण फौजदारी कायद्यातच असतो. १८ जुलै २०१२ रोजी मानेसरच्या मारुती कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली आणि मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तो गुन्हा भयंकर होता, त्याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु खटला १४८ कामगारांवर चालला आणि मार्च २०१७ मध्ये त्यांपैकी ११७ जण निर्दोष सुटले. एकतीस दोषी ठरले, त्यांतील तेरांना जन्मठेप झाली. सुटलेल्यांपैकी अनेकांनी जामिनाशिवाय वर्षे काढली होती. २०१३ साली जामीन नाकारताना पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने कामगार असंतोषाच्या भीतीने परकीय गुंतवणूकदार येणार नाहीत, असा विचार आदेशात मांडला होता. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, हे जामिनाचे प्रश्न. परकीय गुंतवणूक त्यांत कशी बसते, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. तेव्हा "सर्वसाधारण कायदा पुरेसा आहे" असे म्हणताना तो किती जणांना एकदम कवेत घेतो, याचाही विचार करावा.

आता मालकाच्या तुरुंगाबद्दल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यताप्राप्त संघटना आणि अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्यात, न्यायालयाचा आदेश न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, असे कलम ४८ सांगते. महत्त्वाची गोष्ट अशी की त्याची तक्रार बाधित व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त संघटना स्वतः करू शकते. सरकारच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. या कलमाखाली शिक्षा किती जणांना होते, हा प्रश्नच चुकीचा आहे. कामावर परत घेण्याचा आदेश कपाटात पडून असतो, वसुलीचा दाखला कलेक्टर कचेरीत पडून असतो. मात्र फौजदारी तक्रारीचे समन्स निघाले, संचालकाला स्वतः हजर राहून जामीन द्यावा लागला, शिपायाने भर कोर्टात "आरोपी हाजिर है?" अशी पुकार केली, की पुढच्या तारखेला थकलेल्या पगाराचा डीडी घेऊन वकील आलेला असतो. पाच हजारांच्या दंडाला तो संचालक घाबरलेला नसतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल, या शक्यतेला तो घाबरलेला असतो. म्हणून पहिल्या वेळी फक्त दंड, आणि तोही कमाल रकमेचा निम्मा भरून प्रकरण मिटवण्याची सोय, हे तत्त्व कारखानदारांना न्याय्य वाटले तरी प्रत्यक्षात ते कायदा मोडण्याचे दरपत्रक होते.

घेरावाविषयी एक दुरुस्ती सुचवतो. १९७१ च्या त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात घेराव ही संघटनेची अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. मालकाला न्यायालयाचा मार्ग होता. फक्त हवालदाराकडेच पाहण्याची सक्ती नव्हती.

मधल्या फळीतला

दोन्ही बाजूंनी "मालक" आणि "कामगार" असेच म्हटले जात आहे, म्हणून लिहितो. मी प्रॉडक्शनमध्ये सुपरवायझर आहे. घेराव झाला तर संचालक मुंबईत असतो आणि कोंडला जातो तो आमच्यासारखा पगारदार. मानेसरला मृत्युमुखी पडलेला माणूसही नोकरीच करत होता. रात्री नऊ वाजता केबिनच्या काचेवर थापा पडत असताना औद्योगिक न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग उपलब्ध आहे, हे ज्ञान फारसे उपयोगाचे नसते. तेव्हा पोलीसच हवे असतात आणि ते लगेच हवे असतात. संप करणाऱ्याला तुरुंग नको, याला माझा पाठिंबा आहे. पण वकीलसाहेबांनी घेरावाला कागदी प्रकरणात बसवले, ते पटले नाही.

वाळूज

पोलीस "लेबर ऑफिसला जा" सांगतात, ही तक्रार फक्त मालकांची नाही. आमच्या कंपनीने पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापली आणि बरेच महिने ती भरलीच नाही. कापलेली पण न भरलेली अशी वर्गणी म्हणजे फौजदारीपात्र विश्वासघात मानला जाईल, असे भारतीय दंड संहितेत स्पष्टीकरण होते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही ते आहे. पावत्या घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "हा पीएफ ऑफिसचा विषय आहे." पाकीट मारणाऱ्याच्या बाबतीत असे उत्तर देतात का?

परळकर (धागाकर्ता)

कारखानदार, चौदा दिवसांच्या नोटिशीला माझा विरोध नाही. विरोध तिच्या भंगाला कैद ठेवण्याला आहे. बेकायदा संपाच्या दिवसांचा पगार कापता येतो, शिस्तभंगाची कारवाई करता येते, नुकसानभरपाईचा दावाही विचारात घेता येईल. करार मोडल्याचे हेच परिणाम असतात आणि ते पुरेसे आहेत. तरतूद कधी वापरली जात नाही, म्हणून ती निरुपद्रवी, हेही मला मान्य नाही. संपाच्या आदल्या संध्याकाळी फाटकावर जी नोटीस लागते तिच्यात ठळक अक्षरांत हेच कलम छापलेले असते. कंत्राटी कामगार ती वाचून घरी जातो. खटला भरण्याची गरजच पडत नाही.

मधल्या फळीतल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. माणसाला कोंडणे हा औद्योगिक विवाद नव्हे, तेथे पोलिसांनी यायलाच हवे. मात्र ज्यांनी कोंडले त्यांच्यावर गुन्हा नोंदवावा, हजेरीपट समोर ठेवून सगळ्यांवर नव्हे.

अंबडचा कारखानदार

आपण पगारकपात आणि भरपाई म्हणता. पगार मी कापू शकतो, पण भट्टीचे नुकसान पंधरा हजार पगार असलेल्या माणसाकडून कसे वसूल करणार? ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्याच्याविरुद्धचा दिवाणी हुकूमनामा शोभेचाच. १८५९ चा कायदा करणाऱ्यांचा युक्तिवादही हाच होता, हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्यावरून मला टोमणा मारू नका. युक्तिवाद कोणी केला यावरून तो खोटा ठरत नाही.

वकीलसाहेबांच्या एका मुद्द्यावर मी तयार आहे. नव्या संहितेतही गुन्ह्याची दखल घ्यायची तर सरकारचीच तक्रार लागते. ती अट काढा आणि संघटनेला माझ्याविरुद्ध थेट तक्रार करू द्या. पण मग बेकायदा संपाबद्दल मलाही थेट तक्रार करता आली पाहिजे. हे परळकरांना चालेल का?

कोर्टाची पायरी

परळकरांचे ते सांगतील, मला चालणार नाही. आदेश मोडल्याची तक्रार करायला आदेश हातात असावा लागतो, म्हणजे न्यायालयाने दोघांचे ऐकून काही ठरवलेले असते. संप बेकायदा आहे हे मात्र आपण स्वतःच ठरवून दुसऱ्या दिवशी चारशे जणांना आरोपी करणार. १९७१ च्या कायद्याप्रमाणे आधी न्यायालयाकडून संप बेकायदा असल्याचे जाहीर करून घ्या. त्यानंतरही तो चालू राहिला तर आपल्या थेट तक्रारीचा विचार करता येईल, आणि तेव्हाही दंडापुरताच.

अंबडचा कारखानदार

जाहीर करून घेण्याची तारीख भट्टी थंड होण्याच्या आत मिळणार असेल, तर माझी हरकत नाही.