एका जिल्ह्याचे विद्यापीठ
एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ ही केवळ राजकीय सोय असते, या मताशी मी सहमत नाही. सोलापूर विद्यापीठाचे उदाहरण याबाबतीत विचारात घ्यावे असे वाटते. 1 ऑगस्ट 2004 रोजी हे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि गुणपत्रिकेतील साधी चूक दुरुस्त करून घेण्यासाठीही अक्कलकोटच्या विद्यार्थ्याला दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या कार्यालयावर अवलंबून राहावे लागे. शिवाजी विद्यापीठाच्याच सोलापुरातील पदव्युत्तर केंद्रातून, पुणे रस्त्यावरील केगाव परिसरात, नवे विद्यापीठ उभे राहिले, म्हणजे त्यामागे अध्यापनाची परंपरा आधीपासूनच होती. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आकाराचा नसून अभ्यासविषयांचा आहे: मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा जिथे घराघरांत बोलल्या जातात, जिथे चादरीचा उद्योग आणि कोरडवाहू शेती शेजारी नांदतात, तिथल्या विद्यापीठाने बहुभाषिकता, वस्त्रोद्योग आणि पाणी यांवरील संशोधनाला सर्वाधिक बळ द्यायला हवे, आणि लहान कार्यक्षेत्रामुळे ते त्याला मोठ्या विद्यापीठांपेक्षा अधिक नेटाने करता येईल.