जपानी मेपलची छाटणी: पानगळीनंतर की उन्हाळ्यात?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझ्या सात वर्षांच्या जपानी मेपलमध्ये आतल्या बाजूला फांद्यांची नुसती गिचमिड झालीय. दोन फांद्या एकमेकींवर घासून साल पार सोलून निघालीय. गेल्या वसंताच्या तोंडावर, कळ्या फुगलेल्या असताना, अंगठ्याएवढी एक फांदी कापली, तर तीन दिवस रस टपटपत होता. फार वाईट वाटलं.

वाळक्या काड्या कधीही काढता येतात, ते ठाऊक आहे. प्रश्न जिवंत फांद्यांचा. पानं गळून झाड सुप्तावस्थेत गेल्यावर कापू, की भर उन्हाळ्यात? घासणाऱ्या दोघींपैकी कोणती ठेवावी? खोडाजवळचा फुगीर भाग राखूनच कापायचं ना? एका वेळी पाव भागापेक्षा जास्त काढू नये म्हणतात, मग काम दोन वर्षांत विभागू का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.